कानटोप्या, नग दोन

घर बदलायची वेळ आल्याखेरीज आपल्या घरात काय काय आहे हे माणसाला कळत नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या इमारतीचा पुनर्विकास एकदाचा ठरला आणि आई-वडिलांनी १९६६ साली मांडलेला संसार तीन आठवड्यांत खोक्यांमध्ये भरण्याचे काम आमच्या अंगावर येऊन पडले. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येऊ लागली. तांब्याचा बंब, ज्यात विस्तव पडून तीस वर्षे लोटली होती. पितळेचे पिंप, ज्यात जुनी पंचांगे सुखाने नांदत होती. एक पाटा, ज्याचा वरवंटा कोणालाच आठवत नव्हता. आणि या सगळ्यांच्या मागे, बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात, सुतळीने बांधलेल्या आईच्या हिशेबाच्या वह्या.

आई ऐंशीची आहे. खुर्चीत बसून ती सामानावर देखरेख करीत होती. "त्या रद्दीत टाक," ती म्हणाली. "वाण्याचे पैसे केव्हाच चुकते झालेत." आम्ही त्या रद्दीत टाकल्या नाहीत. उलट पुढचे तीन दिवस खोकी भरायची सोडून वह्याच वाचत बसलो आणि घरातल्या इतर मंडळींचा रोष ओढवून घेतला.

पहिली वही १९६७ ची होती आणि शेवटची २०११ ची, म्हणजे वडील गेले त्या वर्षीची. काही वह्या विकतच्या, लाल पुठ्ठ्याच्या. पुष्कळशा आमच्या शाळेच्या वह्यांतली कोरी राहिलेली पाने काढून घरीच दोऱ्याने शिवलेल्या. एका बाजूला आमचे चुकलेले त्रैराशिक आणि दुसऱ्या बाजूला आईची ज्वारी, असे काही पानांवर दिसते. हिशेबाला फारशी शिस्त नाही. पुण्यातल्या मध्यमवर्गीय बाईने पगाराच्या आकड्यात महिना बसवण्यासाठी केलेली ती टिपणे आहेत. सोन्याचा उल्लेख पंचेचाळीस वर्षांत दोनदा येतो. काड्यापेटीचा दर पंधरवड्याला.

वाचता वाचता आमच्या ध्यानात आले, की पानाच्या डोक्यावर महिना इंग्रजी लिहिलेला असला तरी खाली खरेदी मात्र ऋतूची आहे. मार्चच्या अखेरीस न चुकता 'माठ नग १' येतो आणि त्याच्याखाली 'वाळा'. मे महिन्यात वर्षाची बेगमी: गहू, मिरच्या, हळकुंडे, वाळवणासाठी मांजरपाट, आणि 'बाळची उन्हाची टोपी'. जूनच्या पहिल्या आठवड्यात 'छत्रीस काडी' आणि, आमच्या निष्काळजीपणाचा दाखला म्हणून, 'रेनकोटची टोपी (हरवली)'. आश्विनात केरसुणी, पणत्या, बोळकी, दर तिसऱ्या दिवाळीला पडद्याचे कापड. दिवाळी सरली की सोलापुरी चादर, एखादा मफलर आणि कानटोप्या. जानेवारीत सुगडे आणि हळदीकुंकवाला लुटायचे वाण. पुन्हा मार्च, पुन्हा माठ. गावाकडे शेतकऱ्याचे वर्ष पिकांवर चाले. शहरात शेत नसलेल्या माणसांनी आपले वर्ष बाजारहाटावर चालवले, असे या वह्या सांगतात.

या प्रत्येक वस्तूसाठी शहरातली एकेक जागा ठरलेली होती. माठाला कुंभारवाडा. सुपे, रोवळ्या आणि टोपल्यांना बुरूड आळी. तांब्या-पितळेला तांबट आळी. तिथे शिरण्यापूर्वीच ठोक्यांचा आवाज ऐकू यायचा. भाजीला मंडई, जी १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली आणि पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. उरलेल्या सगळ्याला तुळशीबाग. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी तिथे राममंदिर उभारले. देवदर्शनाला बायका येणार म्हणून भोवती दुकाने आली, आणि पुढे दुकानांसाठी येणाऱ्या बायका जाता जाता देवदर्शन करू लागल्या. आई त्यांतलीच. आम्ही सहा-सात वर्षांचे असल्यापासून तिच्यामागे दोन पिशव्या धरून हिंडलो आहोत. माठ ती बोटाने वाजवून घेई आणि तिथेच पाणी भरून पाझरतो का ते पाही. केरसुणी हातावर आपटून किती भुसा पडतो ते बघे. भाव पटला नाही तर काही न बोलता चालू लागे. चौथ्या पावलाला दुकानदाराची हाक आली नाही, तर पाचव्याला थांबून आम्हाला उगाचच विचारी, "पाय दुखतात का रे?" ही पाचव्या पावलाची चौकशी दुकानदाराला संधी देण्यासाठी असे, हे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

केरसुणीपुरते थोडे थांबले पाहिजे. शिंदीच्या पानांची ही केरसुणी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचे, आणि तिला पाय लागू द्यायचा नाही, हे आमच्याकडे अगदी कडक. ती बांधणारे हात पिढ्यानपिढ्या मातंग समाजाचे. ज्या उंबऱ्याच्या आत ती लक्ष्मी म्हणून पुजली जाई, त्या उंबऱ्याच्या आत ते हात मात्र येऊ शकत नसत. आईच्या वहीत केरसुणीची किंमत आहे आणि ती विकणाऱ्या बाईचा उल्लेख फक्त 'केरसुणीवाली' असा आहे. वही जे लिहीत नाही तेही वाचावे लागते, याची ही आम्हाला पहिली जाणीव.

दुसरी जाणीव भांड्यांनी करून दिली. वह्या एकीकडे आणि खोक्यात जाणारी भांडी दुसरीकडे, असा ताळा आम्ही घेऊ लागलो. सत्तरच्या दशकात पितळ हळूहळू उतरते आणि स्टेनलेस स्टील चढते. 'कल्हई' हा शब्द, जो आधी वर्षातून दोनदा येत असे, तो विरळ होत जाऊन एके वर्षी नाहीसा होतो. त्याबरोबर दारात भाता लावून बसणारा, नवसागराचा धूर आणि कथलाची चांदी करणारा तो कल्हईवालाही आमच्या आळीतून गेला. स्टीलची बरीचशी भांडी पैशांनी आलेलीच नाहीत; ती बोहारणीने आणली. 'जुने कपडे ७, पातेले १' अशी नोंद दिसते. घासाघीस चाले ती दुपारी, जिन्यात बसून. आणि पातेले हाती पडल्यावर त्यावर नाव घालायला आई पुन्हा तुळशीबागेत जाई.

भांड्यांवरची ही नावे आम्ही प्रथमच नीट वाचली. मोठ्या पातेल्यावर आजोबांचे नाव. ताटांवर वडिलांचे. तांब्यावर 'चि. ... याच्या मुंजीप्रीत्यर्थ' म्हणून आमचे. काही वाट्यांवर दूरच्या आत्याबाईंचे आणि त्यांच्या यजमानांचे. बोहारणीशी तासभर हुज्जत घालून मिळवलेल्या पातेल्यावरही नाव वडिलांचे, ज्यांनी बोहारणीकडे कधी मान वर करून पाहिले नसेल. आईचे नाव असलेले भांडे सापडावे म्हणून आम्ही दोन खोकी पुन्हा उघडली. एक फुलपात्र मिळाले, तिच्या माहेरचे, तिच्या लहानपणच्या नावाचे. ते नाव लग्नात बदलले. त्यामुळे ते फुलपात्र आमच्या घरात अठ्ठावन्न वर्षे होते, पण त्यावरचे नाव असलेले माणूस या घरात कोणीच नव्हते.

मग टोप्यांकडे आमचे लक्ष गेले. वह्यांमध्ये डोक्याच्या खरेदीची एक अखंड रांग आहे. आमच्या जन्माच्या वर्षी 'टोपडे' आणि 'कुंचीसाठी खण'. पुढे उन्हाची टोपी, रेनकोटची टोपी, शाळेच्या संचलनाची टोपी. आजोबांसाठी वर्षातून दोन गांधी टोप्या. वडिलांसाठी आणि आमच्यासाठी कानटोप्या. आम्ही चाळीस वर्षे मागचे-पुढचे करून पाहिले. आईच्या डोक्यासाठी विकत घेतलेली एकही वस्तू वहीत नाही. शाल नाही, रुमाल नाही. छत्री आहे, पण ती 'घरची' म्हणून लिहिलेली.

येथे आमच्यातला निबंधकार जागा झाला, हे कबूल केले पाहिजे. एक सिद्धांत आमच्या मनात आकार घेऊ लागला आणि तो आम्हाला फार आवडला. मराठी पुरुषाच्या डोक्याला इतिहास आहे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ च्या जूनमध्ये शरद पवारांनी पक्षाच्या पुण्यातल्या कार्यक्रमात पुणेरी पगडीऐवजी फुल्यांचे पागोटे वापरायला सांगितले, आणि त्यावर कितीतरी दिवस चर्चा झडल्या. गांधींनी पांढरी टोपी रूढ केली आणि स्वतः सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला अंगावर फक्त पंचा ठेवून बाकीचे कपडे सोडून दिले. टोपी मात्र महाराष्ट्राच्या खेड्यांनी सोडली नाही. कानटोपीलासुद्धा इतिहास आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे लढाई झाली. त्या मोहिमेतल्या थंडीत इंग्रज शिपायांसाठी मायदेशी बायकांनी लोकरीच्या टोप्या विणल्या, आणि पुढे या जातीच्या टोपीला त्या गावाचेच नाव पडले. आपण तिला माकडटोपी म्हणून मोकळे झालो.

बाईच्या डोक्याला मात्र पदर. तो साडीबरोबर येतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, वडीलधारे असोत, एकच पदर पुरतो. शेतात लावणी करणारी बाई पावसात इरले घेते, हे खरे. पण ते शेताच्या कामाचे अवजार, ते घरी आले की पडवीत टांगायचे. बाईच्या डोक्यासाठी घराने मुद्दाम कापड आणल्याचे एकच उदाहरण आम्हाला आमच्या कुळकथेत आठवले, ते पणजीचे. पणजोबा गेल्यावर तिचे केशवपन झाले आणि तिच्यासाठी तांबडे आलवण आणले गेले. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, असे आजी सांगत असे. तेव्हा, आमच्या सिद्धांताप्रमाणे, पुरुषाच्या डोक्याला ऋतू होते आणि बाईच्या डोक्याला फक्त मर्यादा होती. हे चित्र बदलले ते आमच्या डोळ्यांदेखत, नव्वदच्या दशकात, पुण्याच्या मुलींनी दुचाकीवर बसताना तोंडाभोवती स्कार्फ गुंडाळायला सुरुवात केली तेव्हा. बाहेरगावचे पाहुणे त्याची थट्टा करीत. पण धूळ आणि ऊन यांसाठी, स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या डोक्याकरता बाईने तुळशीबागेतून आणलेली ती वस्तू होती. आमच्या बहिणीच्या पहिल्या पगारातला एक स्कार्फ वहीत आहे: 'ताईने स्वतः घेतला.' हे 'स्वतः' आईने का लिहिले असेल, यावर आम्ही बराच विचार केला.

सिद्धांत तयार झाला की मनुष्याला पश्चात्ताप करायला सोयीचे जाते. आम्हीही तो यथासांग केला. आई आमच्यासाठी दर ऋतूला काही ना काही आणत राहिली आणि तिच्या कानांना वारा लागतो हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही. आमच्या स्वतःच्या संसारात तरी निराळे काय होते? गेल्या दहा वर्षांत आपण बायकोसाठी ऋतू पाहून काय आणले, हे आठवू लागलो, तर एक स्वयंपाकघरातली शेगडी आणि एक व्हॅक्यूम क्लीनर डोळ्यांसमोर आला. संक्रांतीच्या वाणाचेही तेच. बायकांनी बायकांना लुटायचे, आणि लुटायचे काय, तर चहाची गाळणी, किसणी, प्लास्टिकची डबी. प्रेमाने दिलेली वस्तूसुद्धा शेवटी ओट्यावरच जाऊन बसते.

फक्त एक गोष्ट या सिद्धांतात नीट बसत नव्हती. वह्यांमध्ये दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरच्या अखेरीस, 'कानटोप्या नग २' अशी नोंद आहे: 'ह्यांची' आणि 'बाळची'. आमचे डोके वाढत होते, तेव्हा आमची नवी टोपी समजण्यासारखी होती. पण वडिलांचे डोके वाढत नव्हते. हे गृहस्थ शर्टाची कॉलर विरली की ती उलटी शिवून घेऊन आणखी दोन वर्षे वापरणारे. चपलेला तिसऱ्यांदा टाच मारून घेणारे. लोकरीची टोपी त्यांच्या हातून दोन हिवाळ्यांत फाटली असेल, हे संभवत नाही. हरवली म्हणावी तर 'हरवली' असे आई कंसात आवर्जून लिहीत असे, निदान आमच्या बाबतीत तरी. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षीची वही आम्ही मुद्दाम काढली. रेशनवरचा मिलो, उसने घेतलेले वीस रुपये, रद्द केलेली मासिकाची वर्गणी, हे सगळे तिच्यात आहे. आणि त्या सगळ्यानंतर 'कानटोपी नग १, ह्यांची' हेही आहे. काटकसरीच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात ही एक उधळपट्टी आम्हाला कळेना.

डिसेंबर लागला. पुण्यात पहाटे पारा दहाच्या खाली उतरू लागला. आम्ही ठरवले, की आईसाठी कानटोपी आणायची. हल्ली याला बाहेर जावे लागत नाही. हातातल्या फोनवर मे महिन्यात रजया मिळतात आणि जानेवारीत माठ. वस्तूंना ऋतू उरलेला नाही. २०२० साली गुढीपाडवा आणि देशभराच्या टाळेबंदीचा पहिला दिवस एकच होता, २५ मार्च. कुंभारवाडा बंद. त्या उन्हाळ्यात आई जुन्या माठाला रोज हात लावून "हा आता गार करत नाही" म्हणत राहिली. माठाची छिद्रे वर्षभरात बुजतात, म्हणून तो दरसाल नवा लागतो. वर्ष मोजण्याचे तिचे एक साधन त्या वर्षी बंद पडले होते, हे आम्हाला वह्या वाचताना जाणवले. तेव्हा टोपी आणायची तर बाजारात जाऊन, असे आम्ही मनाशी म्हटले.

दर हिवाळ्यात शहरात तिबेटी विक्रेत्यांची लोकरी कपड्यांची दुकाने लागतात. १९५९ नंतर भारतात आलेल्या या निर्वासित समाजाने हिवाळी स्वेटरविक्री हा आपल्या चरितार्थाचा एक मोठा आधार केला. माल पुष्कळसा लुधियानाचा, विक्री देशभरच्या शहरांत, आणि हंगाम संपला की परत आपल्या वस्तीकडे. लहानपणी आम्हाला वाटे, की ही माणसे थंडी बरोबर घेऊन येतात. आम्ही एका दुकानासमोर उभे राहिलो. आत बसलेल्या बाईंचे वय आईपेक्षा थोडेच कमी असावे. त्यांच्या डोक्यावर लोकरीची घट्ट टोपी होती, कानांवरून खाली ओढलेली.

"लेडीज का जेंट्स?" त्यांनी विचारले.

या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. लेडीज म्हणून त्यांनी जे दाखवले त्यावर मोत्यांची फुले होती आणि वर गोंडा. आई ते घालणार नाही, हे आम्हाला लख्ख दिसले. आम्हाला हवी होती ती वडिलांसारखी, तपकिरी, तोंडाएवढी खिडकी असलेली. "जेंट्स," आम्ही म्हणालो, आणि कारण नसताना पुढे जोडले, "वडिलांसाठी." वडिलांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. सिद्धांत मांडायला धीर लागत नाही. भर रस्त्यात आईसाठी माकडटोपी मागायला लागतो, आणि तो आमच्यापाशी नव्हता. भाव अडीचशे सांगितला. चार पावले चालून पाहावे असे मनात आले, पण पाचव्या पावलाला "पाय दुखतात का" असे विचारायला बरोबर कोणी नव्हते. अडीचशेच दिले.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ती पुडी आईच्या हातात ठेवली. तिने टोपी बाहेर काढली, आत हात घालून वीण ताणून पाहिली, उजेडात धरली.

"कितीला?"

आम्ही शंभरने कमी सांगितले. तरी ती म्हणाली, "फसवलं तुला."

मग आम्ही, जरा अवघडत, बोलून टाकले. सगळ्यांसाठी तू टोप्या आणल्यास, तुझ्या डोक्यासाठी कोणी काही आणले नाही, वह्यांमध्ये पाहिले, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. असे बरेच काही. आईने सगळे ऐकून घेतले. ती हसेल असे आम्हाला वाटले नव्हते.

"अरे, दर दोन वर्षांनी ह्यांना नवी आणायचे ना मी? मग जुनी कुठं जात होती, असं वाटलं तुला?"

आम्ही म्हणालो, बोहारणीला.

"बोहारीण कानटोपी घेते होय? तिला जरीची साडी दाखवावी लागते, नाहीतर पँटा. लोकरीला ती हात लावत नाही." आणि मग, पंचेचाळीस वर्षांचे गणित एका दमात सोडवल्यासारखे, तिने सांगितले. पहाटे साडेचारला नळाला पाणी येई. पाच वाजता सरकारी दूध केंद्रावर रांग. तिचा डावा कान लग्नाआधीपासून दुखरा. स्वतःसाठी टोपी घ्यावी, तर सासूबाई काय म्हणतील आणि दुकानदार काय म्हणेल, "आणि मलाच कसंतरी वाटायचं ना." म्हणून दर दोन वर्षांनी ती वडिलांना सांगे, की तुमची टोपी आता शोभत नाही, कचेरीत जाता त्यात. वडील कुरकुरत नवी घालत. जुनी धुऊन ती आपल्या ट्रंकेत ठेवी. पहाटे डोक्यावर टोपी, आणि टोपीवरून पदर.

"पदराखाली काय आहे ते कोण बघतंय?"

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना कशाला सांगायचं? त्यांना वाटायचं, मला त्यांच्या दिसण्याची काळजी." थोडे थांबून ती म्हणाली, "नंतर नंतर कळलं असावं. एका वर्षी स्वतःच म्हणाले, ही आता जुनी झाली, नवी आण. एक हिवाळासुद्धा घातली नव्हती."

आमचा सिद्धांत असा एका पदराखाली झाकला गेला. पदर साऱ्या ऋतूंना पुरतो, असे आम्ही मोठ्या डौलात मांडून बसलो होतो. पुरत नाही, हे आईला चोविसाव्या वर्षीच ठाऊक होते, आणि त्यावर तिने उपायही काढला होता. ज्या वहीत तिच्यासाठी काही नाही म्हणून आम्ही गहिवरलो होतो, त्या वहीत दर दोन वर्षांनी तिची टोपी लिहिलेली होती. फक्त ती दुसऱ्याच्या नावावर होती. हे वाचून बरे वाटावे की वाईट, याचा निर्णय आमच्याने अजून झालेला नाही. दुष्काळाच्या वर्षी, वीस रुपये उसने घेतलेल्या महिन्यात, आपल्या दुखऱ्या कानासाठी नवऱ्याच्या डोक्यावरून वळसा घालून टोपी मिळवणारी बाई चतुर म्हणावी, तर तो चतुरपणा तिला करावा का लागला हा प्रश्न उरतोच. आणि तिला बिचारी म्हणावे, तर ती समोर बसून आम्हाला हसत होती.

खोकी भरताना भांड्यांचे खोके तेवढे आम्ही शेवटपर्यंत उघडे ठेवले. ते माहेरचे फुलपात्र आता माळ्यावर जाणार नाही, एवढे ठरले आहे. आई त्यातून रात्री औषध घेते. नव्या, तात्पुरत्या भाड्याच्या घरात आल्यावर पहिल्या पहाटे आम्हाला जाग आली, तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. आई चहा ठेवत होती. डोक्यावर तपकिरी कानटोपी होती. पदर खांद्यावर होता.

आम्हाला पाहून तिने टोपी काढली नाही. "वहीत लिहून ठेव," ती म्हणाली. "अडीचशेच लिही. दीडशेला ही कुणी देत नाही."

२०११ ची वही आम्ही हाताशीच ठेवली होती. तेरा वर्षे कोऱ्या राहिलेल्या पानावर आम्ही तारीख घातली आणि खाली लिहिले, 'कानटोपी नग १'. पुढे नाव घालायचे म्हणून लेखणी थबकली. आईने वाकून पाहिले.

"माझं नाव कशाला हवंय? नुसतं टोपी लिही. पुढल्या वर्षी तुला होईल."